एकच किटली, दोन पेले

नागपुरात चहा प्यायला जायचे म्हणजे टपरीवर किंवा ठेल्यावर उभे राहून दोन घोट घ्यायचे, हा परिपाठ जुना आहे आणि तो तसाच राहावा. त्याच्या जोडीला आता धरमपेठ, रामदासपेठ, सदर अशा भागांत पानांचा चहा किटलीतून देणारी, चार-सहा टेबलांची निवांत दुकानेही दिसतात. अशा दुकानात मित्रमैत्रिणींसोबत जाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी शाळेपासूनची मैत्रीण पुण्यातील नोकरीतून निवृत्त होऊन नागपूरला परतली आहे. धरमपेठेतल्या एका छोट्या चहाच्या दुकानात आम्ही भेटलो. जागा फार आवडली. मात्र चार पानांच्या यादीत फर्स्ट फ्लश, सेकंड फ्लश, ऊलाँग, व्हाइट टी अशी नावे होती आणि आमच्या अद्रकाच्या चहाला शेवटची एक ओळ. संकोचून आम्ही तोच मागवला, तो दहा मिनिटांत संपला आणि नंतर रिकाम्या कपांसमोर बसून राहणे अवघड वाटू लागले. मैत्रिणीचे म्हणणे असे की बिनदुधाचा चहा हा आपला चहाच नव्हे. पुढच्या वेळी काय मागवावे?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : दोघींनी मिळून ऊलाँगची एकच किटली मागवावी आणि सोबत गरम पाणी पुन्हा मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावे. माझे हे मत ठाम आहे, आणि त्याचे कारण चहाच्या प्रतिष्ठेशी नव्हे, तर तुमच्या गप्पांशी निगडित आहे.

आपण घरी ज्या दाणेदार चहापत्तीचा चहा करतो, ती सीटीसी पद्धतीची असते. दातेरी रुळांमधून पाने चिरडून, फाडून आणि वळवून तिचे बारीक दाणे करतात, त्यामुळे एका उकळीतच सगळा रंग आणि सगळा कडकपणा पाण्यात उतरतो. त्यात दूध घातले की दुधातील प्रथिने चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवतात आणि चव गोलसर होते. हा चहा कढत असतानाच प्यायचा असतो. थंड झाला की त्यावर साय धरते आणि पुन्हा गरम केला तर त्याची चव बिघडते. म्हणजे तुमचा चहा दहा मिनिटांत संपला यात काहीच वावगे झाले नाही. तो तेवढ्याच वेळेसाठी केलेला असतो. दोन तास बोलायचे असेल, तर दोन तास पुरणारा चहा हवा.

ऊलाँग तसा पुरतो. हिरवा, पांढरा, ऊलाँग आणि काळा हे सारे प्रकार एकाच झाडाच्या पानांपासून होतात; फरक पडतो तो पान खुडल्यानंतर हवेशी त्याचा किती संयोग होऊ दिला यामुळे. हिरव्या चहात पान लगेच उष्णता देऊन ही क्रिया थांबवतात, काळ्या चहात ती पूर्ण होऊ देतात, पांढऱ्यात कोवळ्या कळ्या व पाने नुसती सुकवतात, आणि ऊलाँगमध्ये ही क्रिया मध्येच कुठेतरी रोखतात. चीनच्या फुजियान प्रांतात आणि तैवानमध्ये हा चहा अनेकदा घट्ट वळून त्याच्या लहान गोळ्या करतात. दुकानदाराने कोरडी पत्ती दाखवली, तर ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठ्या, गडद हिरव्या गोळ्या दिसतील. पहिल्या पाण्यात त्या जेमतेम सैल होतात, दुसऱ्यात अर्ध्या उघडतात, आणि तिसऱ्या वेळी किटलीचे झाकण काढून पाहिले तर देठासकट आख्खे पान पसरलेले असते, कडेला किंचित तांबूस आणि मध्ये हिरवे. प्रत्येक पाण्याला चव वेगळी लागते. पहिल्यात फुलांसारखा वास पुढे असतो, दुसऱ्यात चव भरते, आणि पुढे ती हळूहळू गोडसर व हलकी होत जाते. चांगल्या पत्तीवर तीन-चार वेळा तरी पाणी घालता येते, त्यामुळे आख्खी दुपार एका किटलीत निघते आणि रिकाम्या कपांचा संकोचही उरत नाही.

यात एकच पथ्य आहे. पाणी घालून वेळ झाली की किटलीतला सगळा चहा दोन्ही पेल्यांत ओतून घ्यायचा, थेंबही मागे ठेवायचा नाही. पाने पाण्यात बुडून राहिली, की तुम्ही बोलण्यात रंगलेल्या असताना ती तुरटपणा सोडत राहतात आणि पुढचा पेला कडू होतो. पहिले पाणी मिनिटभर, दुसरेही तेवढेच, आणि त्यानंतर दर वेळी थोडे अधिक, असा हिशेब ठेवावा. काही दुकानांत गाळणीची जाळी किटलीतून वर काढता येते. तशी असेल तर काम आणखी सोपे.

फर्स्ट फ्लश आणि सेकंड फ्लश या नावांनी बिचकू नये. आपल्या संत्र्याला जसे आंबिया आणि मृग असे दोन बहर असतात आणि दोन्हींच्या फळांची गोडी वेगळी असते, तसेच दार्जिलिंगच्या चहाचे आहे. हिवाळ्यानंतर फुटलेली कोवळी पालवी साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत खुडतात, तो फर्स्ट फ्लश. त्याचा रंग फिकट सोनेरी आणि चव तरतरीत असते. मे-जूनच्या खुडणीचा तो सेकंड फ्लश. तो अधिक गडद, भरीव आणि पिकल्या द्राक्षाच्या वासाकडे झुकणारा असतो. दुधाच्या चहाची सवय असलेल्या व्यक्तीला यांतला सेकंड फ्लश लवकर जवळचा वाटतो. व्हाइट टी मात्र पहिल्याच भेटीत मागवू नये. त्याची चव इतकी हळुवार असते की कडक चहाला सरावलेल्या जिभेला गरम पाणीच दिल्यासारखे वाटेल आणि तुमच्या मैत्रिणीच्या मताला विनाकारण बळ मिळेल.

त्या मताविषयीही थोडे लिहितो, कारण ते अनेकांचे आहे. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ मध्ये, आणि त्यानंतर कित्येक दशके भारतातला चहा मुख्यत्वे बाहेर पाठवण्यासाठीच पिकवला जात होता. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकात जगभर भाव कोसळले तेव्हा चहावाल्यांनी देशातल्या गावोगावी, बाजारांत आणि रेल्वे स्थानकांवर चहा करून दाखवण्याची मोठी मोहीम काढली. सीटीसीचे यंत्रही त्याच दशकातले. म्हणजे आज आपण ज्याला आपला चहा म्हणतो, तो फार तर आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत घरात शिरला. तो आपला आहेच, त्यावरचे प्रेम मलाही आहे. परंतु दार्जिलिंग, आसाम, निलगिरी आणि कांगडा येथल्या मळ्यांत निघणारा पानांचा चहाही याच देशाचा आहे. दार्जिलिंगच्या चहाला तर भारतातले पहिले भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नागपूरच्या संत्र्याला ते नंतर मिळाले. तेव्हा मैत्रिणीला मनाविरुद्ध पाजू नका, पण एक पेला चाखून पाहण्याची विनंती करायला हरकत नाही. तिला नाहीच आवडला, तर अद्रकाचा चहा मागवून द्या आणि किटली तुम्ही घ्या. एका टेबलावर दोन प्रकारचे चहा असण्यात काहीच कमीपणा नाही.

आणखी एक सूचना. त्या दिवशी वाटेत तर्री-पोहे खाऊन जाऊ नका. तर्रीच्या तिखटाने भाजलेल्या जिभेला नाजूक चहा कळत नाही, आणि दोष चहाला लागतो.

प्रश्न : अशा दुकानातली किटली टपरीच्या चहाच्या मानाने बरीच महाग असते. माझा मित्र दर वेळी मला पैसे देऊ देत नाही, कारण माझे निवृत्तिवेतन बेताचे आहे हे त्याला ठाऊक आहे. मला ते खुपते.
— एक वाचक, खामला

उत्तर : मित्राचा हेतू स्वच्छ आहे, परंतु नेहमी घेणाऱ्याच्या बाजूला बसावे लागले की भेटीची ओढ कमी होत जाते. ते टाळायला हवे. तुम्ही त्याला सरळ सांगा की एक भेट तुझ्या आवडीच्या दुकानात आणि पुढची माझ्या आवडीच्या ठिकाणी. तुमचे ठिकाण फुटाळ्याच्या काठचा ठेला असू शकेल किंवा तुमच्या घरची बाल्कनीही असू शकेल. तेथले आदरातिथ्य संपूर्ण तुमचे राहील. दुकानात दोघांत एकच किटली मागवली तर खर्चही निम्मा होतो, हा वरच्या उत्तरातला सल्ला येथेही लागू पडतो.

प्रश्न : माझ्या जिवलग मित्राला गेल्या वर्षीपासून श्रवणयंत्र लागले आहे. आम्ही पूर्वीसारखे चहाच्या दुकानात जातो, पण तेथे तो अबोल होतो आणि नुसती मान हलवतो. घरी मात्र व्यवस्थित बोलतो. बाहेर नेणे बंद करावे का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : कृपया बंद करू नका. ऐकू कमी येऊ लागलेली माणसे हळूहळू बैठकांतून गळतात, आणि त्याचा परिणाम कानांपुरता राहत नाही. तुमचा मित्र मान हलवतो, कारण त्याला शब्द तुटक ऐकू येतात आणि पुन्हा पुन्हा विचारण्याची लाज वाटते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण तुमच्या बोलण्याबरोबर कपबश्यांचा खणखणाट, मिक्सर आणि संगीत हेही मोठे होतात. टाइल्सची जमीन, काचेची दारे आणि मोकळ्या भिंती असलेल्या दुकानात आवाज आदळून परत येतो व शब्द एकमेकांत मिसळतात. ज्या दुकानात पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटे आणि लाकूडकाम आहे, तेथे आवाज बराच शोषला जातो. आपल्याला ती जागा उबदार वाटते यामागे हेही एक कारण असते.

बसण्याची जागा विचारपूर्वक निवडा. बहुतेक श्रवणयंत्रे समोरचा आवाज ठळक घेण्याचा आणि पाठीमागचा दाबण्याचा प्रयत्न करतात. म्हणून तुम्ही कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून बसा आणि मित्राला तुमच्या समोर, म्हणजे दुकानाच्या गलबल्याकडे पाठ करून बसवा. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे पाहा, कारण ओठांच्या हालचालींवरून तो बरेच समजून घेत असतो. खिडकी तुमच्या मागे असली तर तुमचा चेहरा काळवंडतो आणि ती मदत जाते. ओरडून बोलू नका, जरा सावकाश बोला, आणि त्याला एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी निराळ्या शब्दांत सांगा. पेला तोंडाशी धरून बोलण्याची सवय असेल तर तीही सोडा.

वेळ आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यानची ठेवा. महाविद्यालये सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी अशी दुकाने भरतात. संगीत कमी करण्याची विनंती काउंटरवर जाऊन हळूच करा. मित्राच्या देखत, त्याच्या श्रवणयंत्राकडे बोट दाखवून मात्र करू नका. दोघे शहराच्या दोन टोकांना राहत असाल, तर शंकरनगर चौकाचे मेट्रो स्थानक दोघांना सोयीचे पडू शकते; भेट दुकानाच्या दारात ठरवावी, म्हणजे रस्त्यावरच्या वाहनांच्या गोंगाटात फोनवर पत्ता समजावण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचे हिमोग्लोबिन कमी आल्याने डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चहा कमी करायला सांगितले. आम्ही महाविद्यालयातून जेवणाच्या सुट्टीत जवळच्या चहाच्या दुकानात जातो. ती आता येणेच टाळते. हर्बल टी घेतला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : डॉक्टरांचे सांगणे योग्य आहे. चहातील टॅनिनसारखे घटक अन्नातल्या लोहाला, विशेषतः डाळी, पालेभाज्या व धान्यांतल्या लोहाला, पोटात बांधून ठेवतात आणि ते शरीराला कमी मिळते. डबा खाल्ल्यावर लगेच चहा घेणे हे तिच्यासाठी सर्वांत वाईट. चहा जेवणापासून किमान तासाभराने दूर नेला की ही अडचण बरीच कमी होते. म्हणून तुमची भेट जेवणाच्या सुट्टीतून काढून दुपारी चारच्या सुमारास न्या. गोळी आणि चहा यांत किती अंतर असावे, हे तिने तिच्या डॉक्टरांनाच विचारावे.

हर्बल टीच्या नावाखाली मिळणारे सगळेच निर्धोक नसते. पुदिन्याच्या पानांच्या चहातही लोहाला अडवणारे घटक असतात, त्यामुळे जेवणासोबत तोही नको. त्याउलट लिंबू-सरबत किंवा संत्र्याचा ताजा रस जेवणासोबत घेतला, तर त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. तिला एकटीला रस आणि तुम्हा सगळ्यांना चहा, असे करू नका. पहिल्या दोन-तीन भेटींत सगळ्यांनीच रस मागवा, म्हणजे तिला आपण आजारी म्हणून वेगळ्या पडलो असे वाटणार नाही.

प्रश्न : मित्रासोबत दुकानात प्यालेला दार्जिलिंग चहा इतका आवडला की त्याच दुकानातून पाकीट घेऊन आलो. घरी केला तर कडू होतो, आणि वर तेलकट तवंगासारखे काहीतरी दिसते. पत्ती खराब दिली असेल का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : पत्तीत दोष असण्याची शक्यता कमी आहे. तो तवंग तेलाचा नाही. पाण्यातला चुना आणि चहातले घटक यांचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर तो पापुद्रा धरतो आणि कपाच्या कडेला तपकिरी रेघ सोडतो. याचा अर्थ तुमचे पाणी जड आहे. नागपूरला नळाचे पाणी पेंच आणि कन्हानमधून येते, पण अनेक वस्त्यांत बोअरवेलचे पाणी त्यात मिसळून वापरतात, आणि ते बरेचदा जड असते. बोअरवेलच्या पाण्याऐवजी नळाचे गाळलेले पाणी वापरून पाहा. यंत्राने अगदी निःसत्त्व केलेल्या पाण्यात मात्र चहा सपक लागतो, म्हणून त्यात थोडे साधे पाणी मिसळावे. चाचणीच करायची असेल तर एका कपात लिंबाचा एक थेंब टाका. पापुद्रा विरला, तर दोष पाण्याचाच.

कडूपणाचे कारण बहुधा सवयीत आहे. आपण चहापत्ती पाण्यात घालून उकळतो. दार्जिलिंगला हे सोसत नाही. पाणी एकदा उकळावे, आच बंद करावी, ते दुसऱ्या भांड्यात ओतावे म्हणजे काही अंशांनी उतरते, आणि मग पत्तीवर घालावे. फर्स्ट फ्लशसाठी ८५ ते ९० अंश सेल्सिअस पुरेसे असते. २०० मिलिलिटर पाण्याला २ ते २.५ ग्रॅम पत्ती घ्यावी. पाने हलकी आणि पसरट असल्याने चमचा डोळ्यांना फसवतो, तेव्हा पहिल्या काही वेळा काटा वापरलेला बरा. झाकण ठेवून दोन ते तीन मिनिटे, आणि मग लगेच गाळून घ्यावे. कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका.

पत्ती हवाबंद, अपारदर्शक डब्यात ठेवा. मसाल्यांच्या कपाटात ठेवली तर महिन्याभरात तिला हिंगाचा किंवा गोडा मसाल्याचा वास लागतो. उन्हाळ्यात गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर ती ठेवू नका, कारण आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेल्यावर तेथली उष्णता सुगंध उडवून लावते. फ्रिजमध्येही नको, डबा बाहेर काढला की आत दव धरते. एकदम मोठे पाकीट घेण्यापेक्षा ५० ग्रॅम आणून दोन महिन्यांत संपवावे.

मे महिन्यात मित्र भरदुपारी घरी येणार असेल, तर आदल्या रात्री एक लिटर गार पाण्यात याच पत्तीचे ८ ते १० ग्रॅम घालून झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सहा ते आठ तासांनी गाळा. गार पाण्यात तुरट घटक फार कमी उतरतात, त्यामुळे साखर न घालताही हा चहा गोडसर लागतो. वरून लिंबू पिळायचे असेल तर ते पेल्यात पिळावे, सुरईत नको, आणि गाळलेला चहा दुसऱ्या दिवसापर्यंत संपवून टाकावा.